रांजणाचा घास

फार पूर्वीची गोष्ट आहे, आणि फार लांबचीही. समुद्रापलीकडे आफ्रिकेत योरुबा लोकांचा मुलूख आहे. तिथली माती आपल्या कोकणातल्यासारखी तांबडी. त्या मुलखातल्या एका गावात एक रंगारीण राहायची. तिचं नाव अयोका. कापडाला निळा रंग द्यावा तर अयोकानंच, असं पंचक्रोशीत म्हणत. तिच्या हातचं कापड नेसून एखादी बाई बाजारातून निघाली, की माणसं बोलता बोलता थांबून बघत. अयोकाला हे ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं म्हणा ना!

तिच्या अंगणात मातीचा एक मोठा रांजण होता, अर्धा जमिनीत पुरलेला, तिच्या आईकडून आलेला. त्यात निळीच्या पाल्याचे गोळे राखेच्या पाण्यात आंबत घातलेले असत. आता हा रंग म्हणजे झाकण उघडलं आणि वापरला, असा नव्हे. तो विरजणासारखा जिवंत असतो. त्याला रोज ढवळायचं, रोज राखेच्या पाण्याचा एक घोट पाजायचा, आणि नाक लावून वास घ्यायचा. तब्येत बरी असली की वर तांबूस साय धरते. आबाळ झाली की तो मरतो, आणि मेलेला रंग काही केल्या उठत नाही. मग दुसऱ्या कुणाच्या जिवंत रांजणातून तुंबाभर रंग विरजण म्हणून आणायचा आणि नव्यानं मांडायचं. तुंबा म्हणजे वाळक्या भोपळ्याचं भांडं.

म्हणून त्या गावच्या रंगारणींची एक रीत होती. प्रत्येकीच्या रांजणाशेजारी एक लहान मडकं असे. ते इया मापोचं. तिकडे आईला इया म्हणतात, आणि इया मापो ही बायकांच्या हातातल्या सगळ्या कलांची आई. बाजाराचा दिवस तो तिचा दिवस. त्या सकाळी रांजणाला हात लावण्याआधी ओढ्यावरून गार पाणी आणायचं, मडक्यातलं शिळं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायचं आणि ताजं भरायचं. मग कोला नावाच्या तिकडच्या फळाच्या बीच्या चार फोडी जमिनीवर टाकून विचारायचं, "आई, बरी आहेस ना?" दोन फोडी उताण्या आणि दोन पालथ्या पडल्या, की आई बरी आहे. मग रांजणापाशी बसायचं, वास घ्यायचा, ढवळायचं. आणि त्या दिवशी कुणी रिकामा तुंबा घेऊन दारात आलीच, तर तिला तो भरून द्यायचा. का, कशाला, विचारायचं नाही.

अयोकाची आई गेली तेव्हा शेवटी तिनं एवढंच सांगितलं होतं, "बाकी काही विसरलीस तरी माझं काही म्हणणं नाही पोरी. पण आईचं पाणी आणि दारातला तुंबा, ही दोन कामं चुकवू नकोस."

"नाही चुकवणार, इया," अयोका रडत रडत म्हणाली होती. आणि बरीच वर्षं तिनं चुकवलं नाही.

मग एकदा राजवाड्यातून कापडांचे गठ्ठे आले. राजाच्या राण्यांना सणाला अयोकाचंच निळं हवं होतं. घरात पाय ठेवायला जागा नाही इतकं कापड! अयोकाची एकुलती एक लेक इबिदुन आणि ती, दोघी सकाळपासून सुतळीनं कापडाच्या गाठी बांधत बसल्या. गाठ बांधली तिथे रंग चढत नाही आणि पांढरी नक्षी उमटते. त्या गडबडीत बाजाराचा दिवस आला आणि मावळला. आईचं पाणी राहून गेलं.

संध्याकाळी अयोकाच्या लक्षात आलं. धावत जाऊन तिनं रांजणाचं झाकण काढलं, तर तांबूस साय जशीच्या तशी. वासही नेहमीचाच. काही म्हणजे काही झालं नव्हतं.

बाळांनो, इथेच तर घोटाळा होतो बघा. त्या दिवशी काही बिघडलं असतं, तर ती सावध झाली असती. पण काहीच बिघडलं नाही. मग पुढल्या बाजाराला ती म्हणाली, "आज जरा उशिरा आणू पाणी." त्याच्या पुढल्या बाजाराला म्हणाली, "आईला कळतं माझं काम." आणि त्याच्या पुढे काही म्हणायचीही गरज उरली नाही.

इबिदुनला मात्र राहवेना. "इया, मडक्यात डासांच्या अळ्या झाल्यात," ती एकदा म्हणाली.

"होऊ देत गं. यंदा सणाला मी आईला बकरा देणार आहे. चांगला शिंगाळ, धष्टपुष्ट. वर्षभराचं सगळं एकदम फिटेल."

"पण तिला पाणी हवंय ना?"

"तुला कळतं का गं जास्त? पाणी काय, कुणीही देतं. बकरा देऊन दाखव म्हणावं!"

आणि तिनं दिला हो. ढोल वाजले, रस्सा शिजला, सारा गाव जेवून तृप्त झाला. 'देवाचं करावं तर अयोकासारखं,' असं म्हणत लोक हात पुसत घरी गेले. अयोका त्या कौतुकानं इतकी फुलली, की कोलाच्या फोडी टाकून 'आई, बरी आहेस ना' एवढं विचारायचं राहूनच गेलं. आलेगेले इतके होते, विचारणार कधी?

त्याच सुमाराला शेजारची मोरेनिके तुंबा घेऊन दारात आली. ही पण रंगारीणच, पण साधी, दोन-चार गिऱ्हाइकांची. त्या मुलखात बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात, आपल्याकडेही मारतात की. मोरेनिके म्हणाली, "इबिदुनच्या आई, माझा रांजण आजारी पडलाय बघ. साय धरेना झालीय. तुंबाभर विरजण देतेस?"

अयोकाच्या रांजणात तेव्हा राजवाड्याकडून पुन्हा आलेलं कापड होतं. "अगं, आत्ता काढलं तर रंग पातळ होईल. राणीसाहेबांचं काम आहे. पुढच्या बाजाराला ये हं, नक्की देते."

पुढच्या बाजाराला मोरेनिके आली. अयोका म्हणाली, "पुढच्या बाजाराला ये." त्यानंतर मोरेनिके आली नाही. अयोकाला उलट बरंच वाटलं, एक कटकट गेली.

असेच दिवस गेले आणि इबिदुनचं लग्न ठरलं. नदीपलीकडच्या गावातला मुलगा, कामसू आणि हसरा. अयोकाच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यांच्यात रीत अशी, की नवरी आईच्या हातानं, आईच्या रांजणात रंगवलेलं कापड नेसून घर सोडते. ते कापड म्हणजे आईनं लेकीच्या अंगावर ठेवलेला हात. इबिदुन पाळण्यात होती तेव्हापासून अयोकानं त्या कापडाचा विचार केला होता. तिनं तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक गाठी बांधल्या. डोळ्यांतून पाणी यायचं, पण बांधत राहिली.

एका सकाळी तिनं कापड रांजणात सोडलं. निळीचं कापड बाहेर काढतात तेव्हा ते आधी हिरवट दिसतं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. अयोकानं हे हजारदा पाहिलं होतं, तरी तिला दर वेळी गंमत वाटायची. आज तिनं कापड बाहेर काढलं. ते ना हिरवं होतं, ना निळं. भांडी घासलेल्या पाण्याच्या रंगाचं होतं. तिनं ते वाऱ्यावर धरलं. धरून धरून हात भरून आले. मग ओढ्यात बुडवलं, तर होता तो रंगही वाहून गेला.

तिनं रांजणाला नाक लावलं, तर सायीचा मागमूस नाही आणि कुजका वास. कधीपासून येत होता हा वास? ती कधी बसली होती रांजणापाशी शेवटची? बाजारच्या सकाळी आईला पाणी घालून ती इथे निवांत बसायची, वास घ्यायची. पाणी सुटलं आणि ते बसणंही सुटलं. ढवळायची ती जाता येता, घाईघाईत. घोट पाजायची तो कधी आठवण झाली तर.

"भूक लागलीय त्याला, दुसरं काही नाही!" असं म्हणत तिनं घरातली होती नव्हती ती सगळी राख कालवली आणि घडेच्या घडे राखेचं पाणी रांजणात ओतलं. इबिदुन हात धरून म्हणत होती, "इया, थांब, एकदम नको." पण घाबरलेल्या माणसाला ऐकू येतं थोडंच? सकाळी रांजणावर करडा फेस आला होता. उरलीसुरली धुगधुगीही गेली होती. तिच्या आईचा रांजण मेला होता.

लग्न तोंडावर आलेलं. अयोकानं दुसरा बकरा आणला, पहिल्यापेक्षा मोठा. घाम पुसत मडक्यापुढे उभी राहिली आणि किती दिवसांनी कोलाच्या फोडी जमिनीवर टाकल्या. चारही पालथ्या पडल्या. तिनं परत टाकल्या. परत चारही पालथ्या. यासारखा स्पष्ट नकार नाही. तिनं बकरा तसाच खुंट्याला बांधला आणि रडत गावच्या बाबालावोकडे गेली.

बाबालावो म्हणजे इफा या दैवताचं सांगणं वाचणारा जाणता माणूस. लोक त्याच्यापुढे आपलं दुखणं ठेवतात, तो बियांची साखळी जमिनीवर टाकतो आणि ती कशी पडली ते पाहून कोणतं अर्पण करायचं ते सांगतो. हा बाबालावो म्हातारा होता आणि बोलायला फटकळ. अयोका गेली तेव्हा तो भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता.

"बाबा, इया मापो रागावलीय माझ्यावर. दोन बकरे कबूल केले तरी ऐकत नाही. काय द्यावं आता मी? बैल देऊ का?"

बाबालावोनं साखळी टाकली, पाहिली आणि उचलून ठेवली. "हत्ती दे!" तो म्हणाला.

"हत्ती? तो कुठून आणू, बाबा?"

"मला रंगातलं काही कळत नाही बाई," त्यानं एक शेंग फोडली. "तू सांग. तुझा रांजण रोज किती खातो?"

"रोज? घोटभर राखेचं पाणी, बस."

"इतकंच? मग कशाला रोज रोज तकतक करायची? वर्षाचं एकदा मोजून ओतून टाकायचं!"

"असं कसं, बाबा? एकदम ओतलं तर तो..." अयोका बोलता बोलता थांबली. तिनं काल तेच केलं होतं. आणि काल एकदाच नाही, इया मापोच्या बाबतीतही ती वर्षभर तेच करत होती. तिनं पदरात तोंड खुपसलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. "मीच मारला बाबा त्याला. माझ्या आईचा रांजण मीच मारला."

म्हाताऱ्यानं तिचं रडणं ओसरू दिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आईचं बकऱ्याशी भांडण नाही. बकरा पोचला तिला. पण तुला रंग देताना तिनं कधी म्हटलं का, की वर्षाचा रंग आज घे, आता वर्षभर येऊ नकोस? ती तुला रोज देत होती. आणि तू तिच्याकडे यायचीच बंद झालीस. तू येत होतीस म्हणून तिला ते पाणी गोड लागत होतं गं."

"आता काय करू?"

"अर्पण अगदी लहान आहे. म्हणूनच तुला जड जाईल. दर बाजाराला आईला गार पाणी घाल, जगशील तोवर. आणि आज तुंबा घेऊन त्या दारात जा, जिथला तुंबा तू रिकामा परत पाठवलास."

बैल देणं सोपं होतं हो! गावातली सगळ्यात नावाजलेली रंगारीण, आणि रिकामा तुंबा घेऊन मोरेनिकेच्या दारात? लोक बघणार, हसणार. शिवाय मोरेनिकेचा रांजण तरी कुठे जिवंत असणार? तो तेव्हाच आजारी होता. पण इबिदुनचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तिनं तुंबा उचलला.

मोरेनिके अंगणात रांजण ढवळत होती. अयोका कुंपणाशी उभी राहिली. हातातला तुंबा तेवढा दिसत होता, आणि तो पुरेसा होता.

मोरेनिके वर बघून हसली. "काय गं इबिदुनच्या आई? पुढच्या बाजाराला ये म्हणू का तुला?"

अयोकानं मान खाली घातली. "म्हण. माझं चुकलंच."

"वाईट वाटलं होतं मला," मोरेनिके म्हणाली. आता ती हसत नव्हती. "फार वाईट वाटलं होतं. घरी येऊन रडले मी. मग डोळे पुसले आणि रांजणापाशी बसले. रोज चमचाभर पाजायचं, रोज वास घ्यायचा. दर बाजाराला आईला विचारायचं, बरी आहेस ना? किती दिवस तर काहीच नाही. आणि एका सकाळी बघते तर, ही एवढीशी साय! तिथेच नाचले मी." तिनं अयोकाच्या हातातून तुंबा घेतला आणि रांजणात बुडवला. "धर. घट्ट धर, सांडेल. आणि रडतेस कशाला? तुझंच आहे हे."

"माझं?"

"तुला माहीत नाही? मी लग्न होऊन या गावात आले, तेव्हा नवा रांजण मांडायला तुझ्या आईनंच तर विरजण दिलं मला. हा तुझ्या आईचाच रंग आहे गं. तिच्याकडून आला, तिच्या घरी चाललाय."

अयोका तो तुंबा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली. तिनं राखून ठेवलेला रंग मेला होता. आईनं देऊन टाकलेला तेवढा जगला होता. तिला आईची इतकी आठवण आली, की ती तिथेच खाली बसली. मोरेनिके तिच्याशेजारी बसून राहिली.

त्या दिवशी अयोकानं आधी मडकं घासलं, ओढ्याचं गार पाणी भरलं आणि मगच रांजण धुऊन नवा रंग मांडला. खुंट्याचा बकरा तिनं मोरेनिकेच्या अंगणात नेऊन सोडला. पण नव्या रंगाला अंगात जोर यायला वेळ लागतो, आणि लग्नाची तारीख काही थांबत नाही. लग्नाच्या आदल्या सकाळी अयोकानं कापड एकदा बुडवलं. बाहेर काढलं, वाऱ्यावर धरलं. हिरवट होतं, ते हळूहळू निळं झालं. पण किती फिकं! सकाळच्या आभाळाइतकंच. गडद निळ्यासाठी कापड पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं, आणि कोवळ्या रंगाला एका बुडीपेक्षा जास्त झेपत नव्हतं.

"नको नेसूस हे," अयोका म्हणाली. तिला लेकीकडे बघवेना. "राजवाड्याकडून एखादं गडद मागून आणते. लोक काय म्हणतील, अयोकाच्या लेकीच्या अंगावर असलं?"

इबिदुननं कापड तिच्या हातातून काढून घेतलं. "हे तू रंगवलंस ना? तुझ्या रांजणात? मग मी हेच नेसणार. आणि ऐक इया. नदीपलीकडून इथे बाजाराला लोक येतातच की. मीही येईन दर बाजाराला, हे कापड घेऊन. तू आईला पाणी घाल, मग आपण हे एकदा बुडवू. होईल गडद."

लग्नात बायका कुजबुजल्या. नाही कशाला कुजबुजतील? "एवढी नावाजलेली आणि लेकीला हे फिकं!" अयोकानं सगळं ऐकलं. लागलं तिला. पण मान खाली घालून तिनं ते गिळलं, आणि पुढच्या बाजाराला पहाट फुटताच घडा घेऊन ओढ्यावर गेली.

इबिदुन आली. पाणी घातलं, फोडी टाकल्या, विचारलं, कापड बुडवलं. पुढच्या बाजाराला परत. पावसात परत. अयोकाला ताप होता तेव्हाही परत, त्या दिवशी घडा मोरेनिकेनं धरला होता. एका बाजारापासून दुसऱ्यापर्यंत कापडातला फरक कुणाला दाखवताही आला नसता. आणि तरी वर्ष फिरलं तेव्हा पांढऱ्या नक्षीलाही निळाई चढून ते कापड इतकं गडद झालं होतं, की नदीपलीकडच्या बायका विचारायला लागल्या, "हिच्या आईनं रंगात घातलंय तरी काय?"

एका बाजाराच्या सकाळी इबिदुननं ते कापड दोरीवर टाकलं आणि लांबून न्याहाळलं. "इया, आता पुरे ना? यापेक्षा गडद व्हायचं नाही हे."

अयोका मडक्यात पाणी ओतत होती. फोडी जमिनीवर पडल्या होत्या, दोन उताण्या, दोन पालथ्या. दारात कुणाचीतरी नवी सून तुंबा घेऊन, लाजत उभी होती. अयोका हात टेकून उठली आणि तो तुंबा घ्यायला निघाली. जाता जाता लेकीकडे वळून म्हणाली, "कापडाचं झालं गं. तू येत जा."

तात्पर्य काय, तर ज्यांच्याकडून आपण रोज घेतो, त्यांचं देणं वर्षातून एकदा ढोल वाजवून फिटत नाही. थोडंसंच द्यावं, पण न चुकता आणि स्वतः जाऊन द्यावं. आणि दारात आलेला तुंबा भरून द्यावा, कारण दिलेलंच कुठेतरी जिवंत राहतं.